दर दोन वाफ्याला

माझी आई कांदे लावते. स्वतःच्या रानात नाही, लोकांच्या. संगमनेरच्या खालच्या अंगाला कालव्याचं पाणी फिरतं. तिथं डिसेंबर उजाडला की जिकडं बघावं तिकडं कांद्याची लागवड सुरू होते, आणि सकाळी साडेसातला एका पिकअप गाडीत डबे, चहाची किटली आणि चौदा बायका दाटीवाटीनं बसून निघतात. ही आईची टोळी. काम उक्तं घेतात. एवढं रान एवढ्या दिवसांत लावून देणार. मग मध्ये बसू, हसू, नाचू, मालकानं विचारायचं नाही.

रान भिजवून त्याचे वाफे पाडलेले असतात. वाफ्यात बायका एका रांगेत उकिडव्या बसतात. डाव्या मुठीत रोप धरायचं, उजव्या अंगठ्यानं एकेक काडी चिखलात दाबायची आणि सरकायचं. प्रत्येकीच्या वाट्याला जो हातभर रुंदीचा पट्टा येतो त्याला पात म्हणतात. (कांद्याची पात वेगळी. ती भाकरीबरोबर खातात.) बांधाकडेची पहिली पात जिची, तिच्या हातावर सगळी रांग चालते. गाणं ती धरते, जेवायला कधी उठायचं ते ती ठरवते, मालकाशी भांडायची वेळ आली तर ती भांडते. अकरा वर्षं पहिली पात आईची होती.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. टोळीत वेळ घड्याळावर मोजत नाहीत, वाफ्यावर मोजतात. "तीन वाफ्यांनी जेवू." "सुनेला फोन करायचाय, एक वाफा थांब." रान चांगलं असेल तर एक वाफा म्हणजे वीसेक मिनिटं. आई घरीसुद्धा असंच बोलते. आमच्याकडं डाळ शिजायला दीड वाफा लागतो.

आता माझं. मी पत्रकं लिहिते. संगमनेरात एका संघटनेचं काम करते आणि लिहायला तिथंच शिकले. कागद एक, बाजू दोन. मथळा असा पाहिजे की टपरीवाल्यानं त्या कागदात भजी बांधायच्या आधी तो वाचला पाहिजे. वाक्य छोटं. दोषी कोण, ते पहिल्या चार ओळींत. मागणी शेवटी, काळ्या चौकटीत. चार वर्षं मी बायकांच्या मुताऱ्यांवर लिहितेय. आठवड्याच्या बाजाराला मुतारी नाही. जिथं आहे तिथं कुलूप आहे, आणि किल्ली ज्याच्याकडं आहे तो जेवायला गेलाय. ग्रामसभेत मी माईकवर 'लघवी' हा शब्द सात वेळा उच्चारला तेव्हा सरपंचांनी पंखा मोठा करायला सांगितला होता.

आणि एवढं सगळं करणारी मी ज्या घरात जेवत होते, त्या घरातली माझी आई सकाळी साडेसातपासून दुपारी चारपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हती. मला माहीत नव्हतं. हसा खुशाल. मीही आता हसते, पण तेव्हा हसले नव्हते.

मागल्या डिसेंबरात एका शनिवारी टोळीत एक बाई कमी पडली म्हणून मला नेलं. मी लावलेलं रोप उभं राहत नाही, झोपतं. त्यामुळं मला मधली पात दिली, म्हणजे दोन्हीकडच्या बायकांना माझ्या मागून निस्तरता येईल. बसताना बघते तर पहिल्या पातीवर आई नाही. तिथं आमच्या शेजारची मावशी बसलेली, आईची लहानपणापासूनची मैत्रीण. आई पार शेवटच्या पातीवर, उसाच्या कडेला.

"आई, तू तिकडं का?"

"गुडघं धरल्यात."

गुडघे धरलेली बाई दिवसभर उकिडवी कशी बसते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. शिक्षण माणसाला कुठं दगा देईल सांगता येत नाही. दुपारी भाकरी खाताना मावशी माझ्या कानाशी आली.

"गुडघं न्हाईत गं धरलं. उसाकडंला का बसलीय ती? समजलं का न्हाई?"

"नाही."

"चार वर्षं लघवीवर भाषणं देतीस आन समजंना व्हय तुला? जाया जवळ पडतं म्हणून."

मग मी बघायला लागले. थोड्या थोड्या वेळानं आई उठायची, डब्याचं झाकण आणि चमचा घ्यायची, आणि टण टण टण वाजवत उसात शिरायची. झाकण कशाला, तर उसात बिबट्या आहे. आमच्याकडं ही गोष्ट आता विहिरीत पाणी आहे अशा सुरात सांगतात. आई परत आली की तिची पात चार हात मागं राहिलेली असायची. ती कुणाकडं न बघता भराभरा हात चालवून रांगेला गाठायची, आणि गाठते न गाठते तोच पुन्हा झाकण घेऊन उठायची.

इथं एक रीत आहे, तिच्यावरच माझं डोकं फिरलं. टोळीतली एखादी मध्येच उठली तर शेजारच्या दोघी तिची पात ओढतात. म्हणजे तिचा पट्टा अर्धा अर्धा वाटून लावत नेतात, ती येऊन बसेपर्यंत. बाळ पाजायला गेलेलीची पात ओढतात. फोन आला तरी ओढतात. मिश्री लावायला उठलेलीचीसुद्धा ओढतात. लघवीला गेलेलीची ओढत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, लघवीला कामात कोण जातं? सकाळी घरून जाऊन यायचं आणि संध्याकाळी घरी गेल्यावर जायचं. पाणी कमी प्यायचं, झालं. चौदा बायकांनी मिळून न लिहिलेला कायदा होता तो, आणि तो मोडणारी पहिली बाई म्हणजे माझी आई, शरमेनं पहिली पात सोडून शेवटाला जाऊन बसलेली.

घरी जाताना गाडीत तिला बोलतं केलं. तीन वर्षं झाली होती.

"भरलं की दुखतं," ती म्हणाली. "मोकळं झालं की सुटतं. की लगेच परत भराया लागतं. गळका हंडा असता तर परवाडलं असतं. ह्यो भरतानाच दुखनारा हंडा हाय."

"आणि एकटी उसात जातेस? बिबट्या?"

"बिबट्या बरा. त्यो एकदाच खाईल."

गाडीतल्या बायका हसल्या. मीच एकटी तोंड वाकडं करून बसले होते. पत्रकवाल्यांचं हे असंच असतं. ज्याचं दुखतं तो हसतो आणि आम्ही रागावतो.

तीन वर्षांत काय काय झालं होतं ते मग हळूहळू बाहेर आलं. गावात या दुखण्याला 'उन्हाळी लागली' म्हणतात, मग थंडी असो. त्यावर सब्जा, धन्याचं पाणी, वाळ्याचं पाणी. मग गावातल्या डॉक्टरांच्या पाच दिवसांच्या गोळ्या. पुन्हा दुखलं की पुन्हा पाच दिवस. तीन वेळा लघवी तपासली आणि तिन्ही वेळा रिपोर्ट स्वच्छ आला, जंतू नाहीत. रिपोर्ट स्वच्छ आला की डॉक्टर नाराज व्हायचे, जसं काही आईनंच त्यात घोटाळा केलाय. एकानं तर सांगितलं, या वयात बायकांचं असं होतं, मन कशात तरी रमवा. चिखलात बसून तेरा जणींना गाणं देणाऱ्या बाईला हा माणूस मन रमवायला सांगत होता. मी त्याच्यावर पत्रक काढणार होते. आईनं पेन काढून घेतलं.

आम्ही ख्रिस्ती. पाद्रीसाहेबांच्या कानावर आईच्या दुखण्याची गुडघ्यांची आवृत्ती गेली होती, म्हणून त्यांनी भर उपासनेत आमच्या भगिनीच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. आई दाराजवळच्या बाकावर, उठून जाता येईल अशी बसलेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता गुडघ्यान्ला तरी कधी काय व्हायचं न्हाई."

फेब्रुवारीत तिला संगमनेरात एका डॉक्टर बाईंकडं नेलं. लघवीच्या विकारांच्या डॉक्टर, वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, बोलणं कमी. त्यांनी विचारलं, "ताई, साधारण किती वेळानं जावं लागतं?"

"दर दोन वाफ्याला," आई म्हणाली.

मला लाज वाटली. लगेच मध्ये पडले, "म्हणजे मॅडम, चाळीस मिनिटं धरा."

डॉक्टरांनी पेन माझ्याकडं रोखलं. "तुम्ही थांबा. ताई, वाफा केवढा?"

"त्ये रानावर हाय."

"चांगल्या रानातला सांगा."

पाच मिनिटं त्या दोघी वाफ्यांवर बोलल्या आणि मी भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र बघत बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आईला तिच्या मापात विचारलं होतं. मग त्यांनी एक कागद दिला. तीन दिवस लिहायचं: कधी गेलात, किती झाली, किती दुखलं, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं. कागदावर तासांचे रकाने होते. आईनं सातवीपर्यंतचं सगळं शिक्षण पणाला लावून ते रकाने खोडले आणि वर लिहिलं, वाफा पहिला, वाफा दुसरा. मोजायला घरातलं जुनं अर्ध्या लिटरचं दुधाचं माप घेतलं.

मावशी बघून म्हणाली, "आक्का, त्ये माप परत दुधाला घेनार न्हाईस ना?"

"घेते की. तुझ्याकडं पाठवायच्या दुधाला."

आईचा तो कागद मी जपून ठेवलाय. 'वाफा दुसरा. थोडी. दुखलं बरंच. वाफा तिसरा. चहा. वाफा चौथा. थोडी. लई. वाफा पाचवा. ठेचा. थोडी. लई लई.' माझ्या चार वर्षांच्या पत्रकांत इतकं नेटकं काही नाही.

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. भरलं की दुखणं, मोकळं झालं की सुटणं, जंतू नसणं, चहा-मिरचीनं वाढणं, सगळं त्यांनी बोटानं दाखवलं. म्हणाल्या, हे मूत्राशयाचंच दुखणं आहे, जुनाट, जंतूंशिवायचं, आणि मनाचं नाही. पण ते ठरवायच्या आधी खडा वगैरे काही नाही याची खात्री करू. मग त्यांनी आईकडं जरा नीट बघितलं.

"दुपारचे बारा वाजलेत. स्वेटर का घातलाय?"

"थंडी वाजती."

"आवाज आधीपासून असा जाड आहे?"

याचं उत्तर मी दिलं. आईचा आवाज अख्ख्या शिवारात जायचा. गेल्या नाताळात मात्र गायनात तिला थट्टेनं बाप्यांच्या रांगेत उभं केलं होतं. मग टाचा, सुटणारे केस, पोट साफ न होणं, बसल्या बसल्या डोळा लागणं, असं एकेक निघत गेलं. आम्ही हे सगळं वयाच्या नावावर लावून मोकळे झालो होतो. डॉक्टरांनी तिच्या गळ्यावर बोटं ठेवून तिला घोट गिळायला लावला आणि रक्त तपासायला पाठवलं. खडा निघाला नाही. थायरॉईड निघाला. गळ्यातली ती ग्रंथी मंद पडली होती.

"म्हणजे थायरॉईडमुळं हे सगळं?" मी विचारलं. मला मथळा दिसायला लागला होता.

"थकवा, थंडी, आवाज, हे त्यानं. मूत्राशयाचं सांगता येत नाही. काही बायकांत ही दोन्ही दुखणी एकत्र दिसतात. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच दोन्हीकडं बिथरत असावी, असंही काहींना वाटतं. पण एकामुळं दुसरं होतं असं मी लिहून देणार नाही. शक्यता आहे."

"होतं की नाही, एक काहीतरी सांगा."

"शक्यता आहे," त्या म्हणाल्या. "थायरॉईडची गोळी थायरॉईडसाठी. मूत्राशयाला तिची मदत झाली तर आनंद. पण त्याचे उपचार वेगळे करायचे."

पत्रक लिहिणाऱ्याला 'शक्यता आहे' म्हणजे भाकरीतला खडा. चाववत नाही आणि गिळवत नाही.

आईचं तसं नव्हतं. एसटीत बसल्या बसल्या तिनं शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "मला दोन आजार निघाले." इतक्या आनंदानं, की त्या बाईनं तिचं अभिनंदनच करायचं बाकी ठेवलं. मी म्हटलं, आई, हळू. ती म्हणाली, "का हळू? तीन वर्सं मी खोटी हुते. आता कागद हाय माझ्याकडं."

मग मी जे केलं ते सांगितलं पाहिजे. मला त्या शक्यतेत राम वाटेना. त्याच आठवड्यात पत्रक काढलं. मथळा: 'लघवीची आग? गोळ्यांनी फसू नका, थायरॉईड तपासा.' खाली आईची गोष्ट, नाव न घालता, आणि शेवटी काळ्या चौकटीत मागणी की आरोग्य केंद्रात ही तपासणी रोज झालीच पाहिजे. शनिवारच्या बाजारात वाटलं. भाजीवाल्या बायकांनी ते वाचून घडी करून कमरेला खोचलं. माझं पत्रक इतक्या मानानं कुणी कधीच ठेवलं नव्हतं. मी हवेत होते.

सोमवारी आरोग्य केंद्रात गळा दाखवायला रांग लागली. आणि गुरुवारी आमची मावशी तापानं फणफणून तिथंच दाखल झाली.

झालं असं होतं. मावशीलाही लघवीला जळजळ होत होती. तिचं दुखणं मात्र साधं होतं, जंतूंचं. केंद्रातल्या सिस्टरनी लघवी तपासून तिला गोळ्या दिल्या होत्या आणि सगळ्या संपवायला बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी मावशीच्या हातात माझा कागद पडला. गोळ्यांनी फसू नका. मैत्रिणीची मुलगी खोटं कशाला लिहील? तिनं गोळ्या ठेवून दिल्या आणि थायरॉईड तपासायला कोण नेतंय याची वाट बघत बसली. जंतू वर चढले. कंबर दुखायला लागली, थंडी वाजून ताप आला.

मी धावत गेले. मावशी सलाईन लावून पडली होती. डब्याखाली माझंच पत्रक अंथरलेलं.

"वाचलं गं तुझं," ती म्हणाली. "झ्याक लिव्हतीस. ताप आला."

सिस्टर हसल्या नाहीत. मला बाहेर घेऊन गेल्या. "आमच्यावर लिही, कुलपावर लिही, आम्ही वाचतो. पण तुझ्या आईचं दुखणं तू सगळ्या गावाला वाटलंस. रांगेत आलेल्या एकीला शुगर निघाली, एकीला खडा. ज्यांना थायरॉईड निघाला त्यांना लघवीचा त्रासच नव्हता. आणि हिला थायरॉईड नाही, आम्ही बघितला." मग थांबून म्हणाल्या, "नाही म्हणायला, शुगरवाली एरवी आलीच नसती. तेवढं तुझ्या नावावर घे."

एवढ्या वर्षांत मी कुणाकुणाला जाब विचारला असेल. मला कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी मावशीच्या खाटेशी बसून मी मनातल्या मनात ते पत्रक वाचलं. पहिल्या चार ओळींत दोषी कोण ते सापडत नव्हतं, कारण दोषीचं नाव शेवटी होतं, छापणारी म्हणून माझंच.

मावशी तीन दिवसांत घरी आली. आल्या आल्या ओसरीवर बसून म्हणाली, "आन कागद. आता आमच्याफुडं लिव्ह."

त्या दुपारी आईनं आणि मावशीनं माझ्या पत्रकाची जी नांगरट केली, तशी संघटनेत कुणी केली नव्हती. मी मथळा सुचवला की मावशी म्हणायची, "ह्यानं ताप येईल." आईनं सांगितलं, सगळ्यात वर लिही, आधी लघवी तपासा. जंतू निघाले तर गोळ्या शेवटपर्यंत खा. जंतू नसतील आणि तरी दुखत असेल तर गप बसू नका, तुमचं खोटं नाही, मोठ्या डॉक्टरांकडं जा. सोबत थंडी, थकवा, बसलेला आवाज असलं काही असेल तर तेही सांगा, थायरॉईडचं विचारा. दोन्हींचा संबंध असण्याची शक्यता आहे.

"शक्यता हाय, हे मोठ्या अक्षरात," आई म्हणाली. "चौकटीत टाक."

संघटनेतल्या आमच्या ज्येष्ठांनी मसुदा हातात धरून डोळे मिटले. "अगं, शक्यता आहे म्हटल्यावर रस्त्यावर कोण उतरणार?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "दवाखान्यात जातील."

छापलं. बाजारात वाटताना भजीवाल्यानं एक घेतलं, वाचलं आणि बायकोला देऊन आला. त्यात त्यानं भजी बांधली नाहीत एवढं मी बघितलं.

घरात त्या दिवसांत मोठी गंमत चालली होती. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि त्यावर निदान अर्धा-पाऊण तास चहा नाही. आईला डोळा उघडला की चहा लागतो. त्यामुळं ती गोळी घेऊन चुलीपुढं बसायची आणि मी बाजूला घड्याळ घेऊन. "झाला का वाफा?" "नाही." "दीड झाला असंल." "आई, सहा मिनिटं झालीत." चहा पुढं एकावर आला, ठेचा रविवारपुरता उरला, आणि त्या रविवारच्या ठेच्याकडं ती असं बघायची की बस. डॉक्टरांनी मूत्राशयाचं औषध वेगळं दिलं. ओटीपोटाचे स्नायू आवळायचे नाहीत, सैल सोडायचे, असा व्यायामही शिकवला. ती तो आढ्याकडं बघत करायची. एकदा पाद्रीसाहेब घरी आले तेव्हा त्यांना वाटलं प्रार्थना चाललीय, ते शांतपणे शेजारी बसून राहिले. आईनं व्यायाम पुरा केला आणि म्हणाली, "आमेन."

मे महिन्यात स्वेटर ट्रंकेत गेला. त्याचं कौतुक नको, मे महिनाच होता. पण जूनमध्ये मी परसात असताना आतून कुणीतरी गात होतं आणि मला वाटलं मोबाईल लागलाय. आई होती. आवाज परत आला होता, जरा खरखरीत, पण शिवारात जाईल असा.

दुखणं मात्र समूळ गेलं नाही. ते मी लपवणार नाही, एकदा लपवून बघितलंय. पण दोन वाफ्यांवरून ते पाचावर आलं आणि 'लई लई' कागदावरून गेलं. थायरॉईड सुधारला म्हणून, का ठेचा सुटला म्हणून, का औषधानं, का तिला कुणी खोटी म्हणेनासं झालं म्हणून, मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "कळलं. शक्यता आहे." त्या पहिल्यांदा हसल्या.

राहिली पहिली पात. आईच्या मनात तेवढंच एक होतं. ती बोलायची नाही, पण ऑक्टोबरात रोपं टाकली गेली तशी ती गल्लीतल्या प्रत्येक बाईला विचारायला लागली, औंदा पहिल्या पातीला कोण? मावशी म्हणायची, तू. आई म्हणायची, "मी पाच वाफ्यांनी उठनार. पहिली पात उठली तर रांग मोडती."

टोळी निघायच्या आदल्या दिवशी मावशी एक भलामोठा फ्लेक्स घेऊन आली. कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, चौकातून उतरवलेला. चार वेळू आणि सुतळी. बायकांनी मिळून त्याचा आडोसा केला, गुंडाळून गाडीत टाकता येईल असा. शौचालयांसाठी मी चार वर्षांत जेवढ्या मागण्या केल्या त्यांच्यातून एवढाही आडोसा उभा राहिला नव्हता, हे मी नमूद करते. सरकारनं करायला पाहिजे ते सरकारनंच करायला पाहिजे. पण तोवर फ्लेक्स होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम टोळीबरोबर गेले. उसापासून लांब, बांधाच्या कोपऱ्यात आडोसा रोवताना जोरदार वाद झाला. पुढाऱ्याचं तोंड आत ठेवायचं का बाहेर?

"आत नगं बया. त्यो हसतोय."

"बाहीर ठिवा. बिबट्या यायचा न्हाई."

बाहेर ठेवलं. पुढारी हात जोडून कांद्याच्या रानाला शुभेच्छा देत उभे राहिले.

आई पहिल्या पातीवर बसली. तिनं गाणं धरलं, तेरा जणींनी उचललं. पहिला वाफा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मी मधल्या पातीवर रोपं झोपवत तिच्याकडं बघत होते. चौथ्या वाफ्यात तिचा आवाज मध्येच तुटला, आणि मला कळलं की पाच तिला जमायचे नाहीत. थंडी होती, सकाळी चहा झाला होता. ती ओठ आवळून लावत राहिली. वाफ्याचं टोक आलं तशी ती उभी राहिली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी लघवीला चालले. पात वढा."

मग दुसऱ्या पातीवरच्या मावशीनं गुडघ्यावरचा चिखल पुसला आणि तीही उठली.

"वढायची कशाला? मला पन लागलीय."

तिसरी उठली. पाचवी उठली. सातवी म्हणाली, "मला तर सकाळपास्नं लागलीय," आणि तिच्या बोलण्यावर सगळी रांग हसत हसत उभी राहिली. तेराच्या तेरा जणींना लागली होती. किती वर्षांची, कुणास ठाऊक. आडोशापुढं ओळ लागली. आईचा नंबर पहिला.

मालक बांधावरून ओरडले, "ओ आक्का, काय झालं? गाडी का थांबली?"

"वाफं झालं," आई आडोशाच्या आतून म्हणाली.

जेवताना नियम ठरला. आईला चार-पाच वाफे चालतात, पण मावशीला दोन, आणि बाळ पाजणारी एक पोर आहे तिला दोनच. तेव्हा नियम सगळ्यात गळक्या हंड्याप्रमाणं ठेवायचा, दर दोन वाफ्याला सगळ्यांनी उठायचं. पाण्याचा हंडा बांधावरून उचलून रांगेच्या जवळ आणायचा. ठरवून झाल्यावर मावशी माझ्याकडं वळली. "आता ह्याच्यावर कागद काढ. कुनाला ताप यायचा न्हाई."

त्या दिवशीचं रान वेळेत लागलं, दिवस मावळायच्या आत. आडोशातून येऊन आई परत बसली होती तेव्हा तिनं आधी मागं वळून सगळी रांग बसलीय का बघितलं, मग मुठीत रोप घेतलं आणि गाणं तोडलं होतं तिथूनच धरलं.